पेट्रोग्राडची टेलिफोनवाली

ऑगस्टच्या भर दुपारी शारजाच्या औद्योगिक भागात लोकरीचे ओव्हरकोट शोधत हिंडणारी बाई वेडीच म्हणायची. मृणालिनीला ते मान्य होतं. पण तिनं लिहिलेलं नाटक पेट्रोग्राडमध्ये घडत होतं, तेही १९१७ सालच्या क्रांतीच्या दिवसांत, आणि तिथल्या सैनिकांना टी-शर्टवर उभं करणं तिच्या जिवावर आलं होतं.

मोईनभाईंचं गोडाऊन जुन्या कपड्यांचं. युरोपातून गठ्ठे यायचे, इथे फोडून निवडले जायचे आणि आफ्रिकेला रवाना व्हायचे. मृणालिनी कोटांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाली होती. एक करडा, लांब, पितळी बटणांचा कोट दिसला. तिनं बाही धरून ओढली, तर पलीकडून कुणीतरी उलट ओढलं.

"एक्स्क्यूज मी, ये मेरा है."

"दूसरी बाही मेरे पास है, मॅडम," ढिगामागून आवाज आला.

"कुठून कडमडला हा..." ती पुटपुटली.

"जबल अलीहून कडमडलो." ढिगावर एक घामेजलेला, हसरा चेहरा उगवला. "आणि तुम्ही?"

ती ओशाळली. पण बाही काही सोडली नाही.

"अबू धाबीहून. नाटकासाठी हवाय."

"मला माणसांना घालायला हवाय."

"नाटकातही माणसंच असतात."

तो मोठ्यानं हसला. त्याचं नाव वेदांग. जबल अलीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. आत उणे वीस, बाहेर पंचेचाळीस. माल चढवणाऱ्या पोरांची जॅकेटं फाटली होती आणि नवी येता येत नव्हती. म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खिशातून तो हे उद्योग करत होता. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता... पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता.

"मग घ्या तुम्हीच," ती म्हणाली.

"नको. एक कोट कलेला. कोण घालणार हा?"

"खलाशी. दिमित्री नावाचा."

"शेवटी मरतो?"

"अजून ठरलं नाही."

"मग त्याला कोट सांभाळून वापरायला सांगा. रक्ताचे डाग धुवायला इथे फार पैसे घेतात."

ती हसली. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हेच तिचं काम. चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. पण या माणसाच्या डोळ्यांत आपण जरा जास्तच वेळ बघतोय, हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आणखी कोट निघाले तर कळवा, या निमित्तानं नंबर दिले-घेतले गेले. दोघांनाही ठाऊक होतं की कोटांचं काही खरं नाही.

पंधरवड्यानं तिच्या खलाशाची रियाधला बदली झाली. तिनं मेसेज टाकला, 'कोट आहे. आतला माणूस हरवला.'

उत्तर आलं, 'साइज काय?'

*

तालमी अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवर, शुभ्राच्या बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये चालायच्या. शुभ्रा बँकेत अधिकारी होती आणि नाटक बसवताना तिचा आवाज वसुली खात्यासारखा व्हायचा. कोट घालून जीव जाऊ नये म्हणून ती एसी इतका वाढवायची की बिनकोटाची मंडळी कुडकुडत बसायची.

नाटक साधं होतं. व्हेरा ही पेट्रोग्राडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. तिचा भाऊ अलेक्सेई सरकारच्या बाजूचा तरुण अधिकारी, आपल्या तुकडीनिशी एक्स्चेंज ताब्यात घेऊन बसलाय. बाहेर क्रांतिकारी खलाशांचा वेढा, आणि त्यांच्यात दिमित्री, जिच्यासाठी तो रोज खोटे नंबर मागून फोन करायचा ती व्हेरा आत. शेवटच्या अंकात दोघांनाही कुमक मागवायला एकाच वेळी लाईन हवी असते. तार जोडणारे हात व्हेराचे. ती कुणाला लाईन देते? इथे येऊन मृणालिनीचं लिखाण थांबलं होतं. व्हेराचं काम तीच करत होती, त्यामुळे पळवाटही नव्हती.

"त्यात काय अवघड आहे?" वेदांग म्हणाला. "खलाशाला देणार."

"तुम्ही खलाशी आहात म्हणून?"

"प्रेमात पडलीये ती म्हणून."

"आणि भाऊ? बाप गेल्यावर त्यानं तिला वाढवलंय. स्वतःचं शिक्षण सोडून तिला शिकवलंय. त्याला गोळ्या खायला सोडायचं?"

हे ती जरा घाईनं बोलली. वेदांगनं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे पुस्तकातलं नाही वाटत..."

"चहा आलाय," ती म्हणाली आणि उठली.

खरंच पुस्तकातलं नव्हतं. चारुदत्तनं, तिच्या दादानं, वडील गेल्यावर एमबीएचा नाद सोडून आखात गाठलं होतं. तिची फी, आईचं आजारपण, सगळं त्यानं इथून निभावलं. पुढे तिला इथे आणलं, आपल्याच घरातली एक खोली दिली. दादा घरी ऑफिसबद्दल बोलत नसे, आणि ती घरी तालमींबद्दल. म्हणून ते घडेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही.

तिची गाडी गॅरेजमध्ये होती. दादा तिला न्यायला हॉलवर आला. तेव्हा वेदांग गुडघ्यावर बसून म्हणत होता, "व्हेरा, ही नदी गोठते, पण खालून वाहतच असते. माझंही—"

आणि गप्प झाला. दारात उभ्या माणसाकडे बघत ताडकन उठला.

"सर...?"

"अरे, वेदांग!" चारुदत्त हसला. "तू इथे? आणि माझ्या बहिणीसमोर गुडघे टेकून?"

सगळे हसले. वेदांग मात्र हसला नाही. निघताना त्यानं तिला हळूच विचारलं, "सांगितलं नाहीस?" अहो-जाहो कधी गळून पडलं होतं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मलाच आत्ता कळलं."

"ऑपरेशन्स मॅनेजरच्या बहिणीशी मी ऑफिसबद्दल काय काय बोललो असेन, आठवतोय आता."

"एसीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

तो हसला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

*

तिची गाडी त्या आठवड्यात काही दुरुस्त होऊन आली नाही. गुरुवारी संध्याकाळी दादानंच तिला दुकानातून घेतलं. पुलावर चढताना फोन वाजला. दादानं स्पीकरवर घेतला आणि गाडीभर वेदांगचा आवाज पसरला. मृणालिनी सीटमध्ये ताठ झाली.

"सर, जॅकेटांचं काय झालं? झिपा गेल्यात, अस्तर फाटलंय. मी काही जुने कोट आणलेत, पण ते लांब आहेत, फ्रीझरमध्ये धोक्याचे. नवी लवकर मिळाली तर—"

"अरे, चालवून घे. वरून खर्च थांबवलाय. क्वार्टर संपू दे."

"सर, काही झालं तर..."

"काही होत नाही रे. पुढच्या महिन्यात बघू. इन्शाल्ला."

फोन ठेवून दादा म्हणाला, "चांगला मुलगा आहे. फार काळजी करतो."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दादाही चांगलाच होता. ते सगळ्यात अवघड होतं.

महिना उलटला आणि व्हायचं ते झालं. भिकाजी नावाचे देवगडकडचे एक जुने लोडर फ्रीझरमध्ये मालाच्या पॅलेटची ट्रॉली ओढत होते. अंगावर वेदांगनं आणलेला लांब कोट. त्याचा घेर चाकात अडकला, ते पडले, हातमोजा निघाला आणि उघडा हात लोखंडी रॅकखाली दबला. लक्षात येऊन बाहेर काढेपर्यंत दोन बोटांची टोकं काळीनिळी पडली होती.

मृणालिनी वेदांगबरोबर हॉस्पिटलमध्ये गेली. भिकाजी पट्टी बांधलेला हात छातीवर धरून बसले होते.

"कोट बरो होतो गो बाय, उबदार होतो," तिलाच धीर देत ते म्हणाले. "माझीच घाई नडली."

बाहेर आल्यावर वेदांग भिंतीला टेकून उभा राहिला. "कोट मी आणला. घेर कापून घ्यायचा म्हणत होतो, राहून गेलं. कंपनीबाहेरचे कपडे आत कसे आले, याची चौकशी लागलीये. बहुतेक नोकरी जाईल. जाऊ दे."

"तू नवी जॅकेटं मागितली होतीस, ते सांगितलंस?"

त्यानं चमकून पाहिलं. "तुला काय माहीत?"

"मी गाडीत होते. फोन स्पीकरवर होता."

तो भिंतीपासून सरकून सरळ उभा राहिला.

"चौकशीत सर समोरच बसले होते," तो म्हणाला. "म्हणाले, मला कल्पना नव्हती. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात... तू आठवलीस."

एरवी हे वाक्य तिनं घरी नेऊन उशाशी घेतलं असतं. आज तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्यावर असले उपकार करू नकोस," ती म्हणाली. "त्यांची बोटं जायची वेळ आली आणि तू माझी आठवण काढून गप्प बसलास?"

*

शनिवारी सकाळी वैभवीवहिनी घावन घालत होती. दिया, दादाची मुलगी, टॅबमध्ये डोकं खुपसून बसली होती. मृणालिनीनं दादासमोर खुर्ची ओढली.

"दादा, त्या दिवशी गाडीत मी सगळं ऐकलंय."

त्याला समजायला क्षणही लागला नाही. "तुझा काय संबंध यात?"

"तू म्हणालास, मला कल्पना नव्हती."

"त्या मुलासाठी बोलतेस तू. आवडतो ना तो तुला?"

"आवडतो."

वहिनीचा हात तव्यावर थांबला. घावन करपल्याचा वास आला.

"आवडत नसता तरी बोलले असते," मृणालिनी म्हणाली. "जरा चाचरत बोलले असते, एवढंच."

"मनू, खर्च मी थांबवला नाही. वरच्यांनी थांबवला. पण खुर्ची माझी जाणार. हे घर, दियाची शाळा, आईची औषधं, सगळं त्या एका खुर्चीवर उभं आहे."

"मग वरच्यांनी थांबवला, हेच सांग."

दादानं कप बाजूला सारला. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

हे वाक्य तिनं अलेक्सेईला लिहून दिलं होतं. रंगमंचावर व्हेरा त्याला लांबलचक, टाळ्या घेणारं उत्तर देते. इथे मृणालिनीनं तो कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

"आत्या, आर यू क्राइंग?" दियानं विचारलं.

"नो, बेटा. कांदा चिरलाय."

कांदा कुणीच चिरला नव्हता.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि टॅक्सीनं जबल अलीला गेली. चौकशी हिबा नावाच्या सेफ्टी ऑफिसरकडे होती. मृणालिनीनं ऐकलेलं सगळं सांगितलं, न रडता, न वाढवता. दादाचं नाव घेताना तिनं पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. हिबानं मध्ये काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आय नो."

ती बाहेर आली, तर लिफ्टपाशी दादा. हातात लॅपटॉपची बॅग, टाय सैल.

"मी सकाळीच सांगितलं," तो म्हणाला. "आल्या आल्या. सगळं."

ती त्याच्याकडे एक पाऊल सरकली.

"संध्याकाळपर्यंत थांबली असतीस, मनू." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "एवढीही खात्री नव्हती माझी?"

लिफ्ट आली आणि तो गेला. ती रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहिली. तिनं केलं त्यात काही चुकलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानं दुखणं कमी झालं नाही.

*

नवी जॅकेटं आठवडाभरात आली. चारुदत्तला ऑपरेशन्समधून काढून रिपोर्ट तपासायच्या एका कोपऱ्यातल्या खात्यात बसवलं. नोकरी राहिली, खुर्ची गेली. वेदांगला कोटांबद्दल लेखी ताकीद मिळाली. भिकाजींच्या एका बोटाचं टोक गेलं, दुसरं वाचलं. त्यांना थंडीतून बाहेर, गेटवरचं काम मिळालं. दादा मृणालिनीशी बोलेना. "थोडे दिवस शुभ्राकडे जा," वहिनी म्हणाली. "घरात जरा हवा खेळू दे." जाताना डब्यात लाडू भरून दिले.

वेदांग तिला शुभ्राच्या बिल्डिंगखाली भेटला. समोर खाडीचं पाणी स्थिर पडलं होतं आणि हवा पहिल्यांदा सुखाची झाली होती.

"तू माझ्यासाठी गेलीस?"

"भिकाजीकाकांसाठी. आणि थोडी स्वतःसाठी."

"माझ्यासाठी अजिबात नाही?"

"दहा टक्के."

"इथला व्हॅटसुद्धा पाचच टक्के असतो. म्हणजे चांगलाच वाटा आला." मग तो थांबला. "मी चुकलो, मृणाल. तुझं नाव पुढे करून गप्प बसलो. भिकाजीकाकांना सांगितलं तसं. ते म्हणाले, पोरगी बरी दिसता, तिका सांग."

"सांगितलंस," ती म्हणाली. "आता दिमित्रीचं पाठांतर कर. दुसऱ्या अंकात तू रोज नवीन क्रांती करतोस."

त्या रविवारी तिनं शेवट लिहिला. कुणाला वाचून दाखवला नाही, सरळ तालमीत दिला. शुभ्रानं वाचला आणि, वसुली खात्याला न शोभेल असा, रुमाल काढला.

*

प्रयोग डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी होता, एका शाळेच्या सभागृहात. कोट घातलेली माणसं प्रथमच घामाघूम दिसत नव्हती. पहिल्या रांगेत वहिनी आणि दिया होत्या, त्यांच्या मागे भिकाजी, इस्त्रीच्या शर्टात. दादा कुठे दिसला नाही.

शेवटच्या अंकात व्हेरा दोन्ही कानांना रिसीव्हर लावून बसते. एका कानात दिमित्री लाईन मागतो, दुसऱ्यात अलेक्सेई. व्हेरा डोळे मिटते आणि दिमित्रीची तार जोडते. मग दुसऱ्या कानातून भावाचा आवाज येतो. तो कुमक मागतच नाही. लाईन जोडली गेली असं समजून तो आपल्या छावणीला सांगतो, 'कुणी येऊ नका. आम्ही शस्त्रं खाली ठेवतोय. आत माझी बहीण आहे.' व्हेराच्या हातात जोडलेली तार तशीच असते. तिला ती काढताही येत नाही, धरवतही नाही. भाऊ जिना उतरून जातो, तिच्याकडे न बघता, आणि अंधार होतो.

पडद्यामागे उभ्या मृणालिनीला टाळ्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

चेहरा पुसून ती बाहेर आली, तर सभागृहाच्या दाराशी, खांबाला टेकून, चारुदत्त उभा. शेवटच्या रांगेत, अंधारात बसला होता. वेदांग तिच्या मागेच होता, तोही थबकला.

"तू दुसऱ्या अंकात फार ओरडतोस," चारुदत्त आधी त्याला म्हणाला.

"हो, सर."

"सर नाही आता मी तुझा." मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिच्या गालावर राहिलेला मेकअप त्यानं अंगठ्यानं पुसला, लहानपणी दुधाची मिशी पुसायचा तसा. "तो अलेक्सेई. जिना उतरताना एकदा तरी मागे वळून बघेल गं तो. असं कुणी जातं का?"

"पुढच्या प्रयोगात बदलते," ती कशीबशी म्हणाली.

"रागावलोय मी अजून. ते इतक्यात जाणार नाही." तो खिशात किल्ली चाचपत म्हणाला. "घरी ये. घरीच बसून रागावतो. आणि हा... याला रस्ता माहीत नसेल, तर याच्याच गाडीतून ये. दाखव."

वेदांगला रस्ता चांगलाच माहीत होता. तरी दोघांनी मान डोलावली.

 उन्हं कलली होती, उंच इमारतींच्या काचा केशरी झाल्या होत्या. पुलाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली.

"मी फ्रीझर सोडतोय," वेदांग म्हणाला. "रोज तो रॅक बघवत नाही. खलिफा पोर्टला साध्या गोदामात काम मिळतंय."

"अबू धाबीजवळ?"

"योगायोग." त्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मृणाल... त्या दिमित्रीनं पुढे तिला भेटायला जावं का? भाऊ तिच्याशी बोलत नाही, शहर पेटलंय, त्याच्याकडे धड घर नाही... तरी?"

"नाटक संपलं, वेदांग."

"मी नाटकाचं विचारत नाहीये."

"मग सरळ विचार ना."

"सरळ म्हणजे... तुझ्या घरच्यांसमोर, जेवणाच्या ताटावर, घास घशात अडकलेला असताना विचारू, की आत्ता—"

"हो," ती म्हणाली.

"कशाला हो? विचारलं कुठे अजून?"

"जे विचारणार आहेस त्याला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. नुसतं बघतच राहिला. तिनंही डोळे वळवले नाहीत... आणि सिग्नल कधी हिरवा झाला, मागच्या गाड्या कधीपासून हॉर्न देत होत्या, दोघांनाही कळलं नाही.